मुळी, गोळी आणि थेंब

शहाद्याहून म्हसावद, राणीपूर मागे पडलं की सातपुडा समोर उभा राहतो आणि सातपायरी घाटाची वळणं सुरू होतात. वर तोरणमाळचं पठार, समुद्रसपाटीपासून साडेअकराशे मीटरच्या आसपास. यशवंत तलाव, सीताखाईची दरी, गोरखनाथांचं मंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा एवढं पर्यटकाला ठाऊक असतं. वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्यांना मात्र तोरणमाळ ओळखीचं असतं ते इथल्या औषधी झाडाझुडपांमुळे. भिल्ल आणि पावरा पाड्यांवरच्या जाणत्यांकडे कोणती मुळी कोणत्या दिवसांत खणायची, किती उगाळायची आणि कुणाला मुळीच द्यायची नाही, याचं ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलं आहे.

याच सातपुड्याच्या रांगेत, सावलीच्या ओलसर जागी, गुडघाभर उंचीचं एक झुडूप वाढतं. एकेका पेरावर तीन-चार पानं वर्तुळात येतात. पांढरट-गुलाबी फुलांचे तुरे लाल देठांवर उभे राहतात आणि फळं पिकली की काळी होतात. जमिनीखालचं मूळ वेडंवाकडं असतं, साल खवल्यांसारखी निघते आणि तिचा कण जिभेवर ठेवला तर कडूजहर. ही सर्पगंधा. आपल्याकडे तिला अडकई, हरकई असंही म्हणतात. कोकणापासून सह्याद्रीपर्यंत आणि हिमालयाच्या पायथ्यापासून बंगाल-बिहारपर्यंत ती पसरलेली होती. ‘होती’ असं का म्हणावं लागतं, ते पुढे येईलच.

रक्तदाबाच्या औषधांचा इतिहास बहुतेक पुस्तकांत लंडन, बोस्टन किंवा बासेलपासून सुरू होतो. तो या मुळीपासून आणि मुंबईतल्या एका डॉक्टरपासून सुरू करायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आज घराघरांत असलेली अटेनोलॉल-मेटोप्रोलॉलची गोळी आणि काचबिंदूच्या रुग्णाच्या उशाशी असलेली टिमोलॉलची बाटली, या दोन्ही बीटा-ब्लॉकर घराण्यातल्या. त्या सर्पगंधेपासून बनलेल्या नाहीत. पण औषध देऊन रक्तदाब उतरवता येतो आणि उतरवावाच, हा विश्वास जगाला आधी या मुळीने दिला. बीटा-ब्लॉकर आले ते त्यानंतर.

मुळीची ख्याती जुनी. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याला राजाने मुंबई बेट भाडेपट्ट्याने दिलं होतं. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने सर्पदंशावर वापरल्या जाणाऱ्या मुळ्यांची माहिती दिली आहे. सापाशी झुंजणारं मुंगूस आधी ती मुळी अंगाला चोळून घेतं, ही लोककथाही त्यात आहे. त्यातली एक मुळी म्हणजे सर्पगंधा, असं काही अभ्यासक मानतात. पुढे युरोपातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी या कुळाला जर्मनीतल्या राउवोल्फ नावाच्या सोळाव्या शतकातल्या डॉक्टरचं नाव दिलं. तो बगदादपर्यंत आला होता, हिंदुस्थानात कधी आला नाही. इकडे बिहार-बंगालमध्ये ही मुळी वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी सर्रास दिली जात होती.

१९३१ हे या कथेतलं महत्त्वाचं वर्ष. त्या वर्षी दिल्लीत, हकीम अजमल खान यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजच्या संशोधन संस्थेत, सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइडं वेगळी काढली. एकाला त्यांनी हकीमसाहेबांच्या स्मरणार्थ ‘अजमलीन’ असं नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष तपासण्यासाठी युरोपातले डॉक्टर ते आजही वापरतात. त्याच वर्षी कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की मुळीची पूड वेडावर चालतेच, शिवाय वाढलेला रक्तदाबही उतरवते. दोन वर्षांनी कलकत्त्याच्या ट्रॉपिकल मेडिसिन संस्थेत रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत मुळी तपासली. १९३४ मध्ये हिमालया ड्रग कंपनीने ‘सर्पिना’ नावाची गोळी बाजारात आणली.

म्हणजे हिंदुस्थानात रक्तदाबाची गोळी मिळत होती तेव्हा बाकीच्या जगात काय होतं? जवळपास काही नव्हतं. पुष्कळ नामवंत डॉक्टर तर मानत की वय वाढलं की दाब वाढणारच, रक्तवाहिन्या कडक झाल्या की शरीराला तो लागतोच, त्याला हात लावू नये. ज्यांना हात लावावासा वाटे त्यांच्याकडे तीन वाटा होत्या. एक, भात, फळं आणि साखर एवढ्यावरच माणसाला ठेवायचं. दोन, पाठीतून चिरा देऊन मज्जातंतू कापून टाकायचे. तीन, थायोसायनेटसारखं विषारी रसायन द्यायचं. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट डोकं भयंकर दुखत असल्याचं सांगून कोसळले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० होता. मेंदूत रक्तस्राव होऊन दुपारीच ते गेले. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाला द्यायला त्याच्या डॉक्टरांकडे एकही खात्रीची गोळी नव्हती. मुंबईत त्याच काळात गिरणीतला कारकूनही सर्पगंधेची गोळी घेऊ शकत होता.

ती घेणाऱ्यांना खरंच फायदा होतो की नुसतं समाधान मिळतं, हे सिद्ध करायला लागणारी चिकाटी दाखवली डॉ. रुस्तम जाल वकील यांनी. १९११ मध्ये मुंबईत जन्मलेले वकील लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात शिकून परत आले आणि परळच्या केईएम रुग्णालयात हृदयरोगाचं काम करू लागले. हृदयविकार ही वेगळी शाखा आहे, हे आपल्याकडे रुजायचं होतं तो हा काळ. वकिलांनी सुमारे दहा वर्षं सर्पगंधा आपल्या रुग्णांवर वापरून पाहिली. अनुभव चांगला होता, पण अनुभवावर ते थांबले नाहीत.

रक्तदाब ही मोठी लहरी गोष्ट आहे. माणूस दवाखान्यात आला की वाढतो, घरी निजला की उतरतो, डॉक्टरवर विश्वास बसला तरी उतरतो. त्यामुळे कुठल्याही पुडीने दाब उतरला असं म्हणणं फार सोपं. वकिलांनी शंभरावर रुग्णांतून पन्नास जण निवडले, मुळीच्या गोळ्या देऊन चार आठवडे त्यांचा वरचा आणि खालचा दाब मोजत राहिले आणि औषध थांबवल्यानंतरही मोजत राहिले. चार आठवड्यांनी ८५ टक्के रुग्णांचा वरचा आणि ८१ टक्के रुग्णांचा खालचा दाब उतरलेला दिसला. परिणाम सावकाश येतो आणि औषध बंद केल्यावरही काही काळ टिकतो, हेही त्यांनी टिपलं. १९४९ मध्ये हा लेख ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आला. आजच्या कसोट्या लावल्या तर त्या चाचणीत उणिवा सापडतील. गोळी कोणाला मिळते आहे हे डॉक्टर आणि रुग्ण दोघांपासून लपवण्याची पद्धत तेव्हा नुकतीच रुजत होती. पण परळच्या डॉक्टरने पाश्चात्त्य डॉक्टरांच्याच नियतकालिकात, त्यांच्याच भाषेत आकडे मांडले आणि त्यांना ते वाचणं भाग पडलं.

बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वाचलं आणि हिंदुस्थानातून गोळ्या मागवल्या. त्यांनाही तोच अनुभव आला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या सिबा कंपनीत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतलं मुख्य काम करणारं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रिसर्पीन. कच्च्या मुळीची पूड शेकडो मिलिग्रॅम लागे, तिथे रिसर्पीनचा मिलिग्रॅमचा अंश पुरू लागला. १९५६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुडवर्ड यांनी ते प्रयोगशाळेत घडवूनही दाखवलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचं लास्कर पारितोषिक मिळालं, १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६५ मध्ये भटनागर पुरस्कार. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना ते गोलवाला यांच्यासोबतच्या रोगनिदानाच्या पाठ्यपुस्तकामुळे माहीत असतात. १९७४ मध्ये ते गेले. त्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला फार वाटतं.

जंगलाच्या बाजूने पाहिलं तर या यशाची किंमत मोठी होती. सर्पगंधेचं औषध मुळात असतं, त्यातही बहुतांश मुळाच्या सालीत. पानं खुडून किंवा फळं वेचून भागत नाही. मूळ खणलं की झुडूप संपलं, आणि बियांपासून नवं उगवून मूळ खणण्याजोगं व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. पन्नासच्या दशकात युरोप-अमेरिकेची मागणी उसळली तशी देशभरच्या रानांत खणाखणी सुरू झाली. मुळी खणणारा आदिवासी असायचा, किलोच्या भावाने विकत घेणारा व्यापारी असायचा आणि पुढच्या साखळीत खणणाऱ्याचं नाव कुठेच नसायचं. सरकारला कच्च्या मुळीच्या निर्यातीवर बंधनं घालावी लागली. कंपन्या मग आफ्रिकेतल्या त्याच कुळातल्या दुसऱ्या झाडाकडे वळल्या. १९९० मध्ये सर्पगंधा धोक्यातल्या वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीत गेली. आज सातपुड्यात किंवा सह्याद्रीत ती शोधावी लागते. ज्या समाजांनी या मुळीचा गुण जपला, त्यांना ना पेटंटचा वाटा मिळाला ना पारितोषिकातला उल्लेख, आणि त्यांच्या रानातून ती मात्र गेली. ही खंत बोलून दाखवल्याशिवाय या औषधाचं कौतुक करू नये.

रिसर्पीनचं सर्वांत मोठं काम १९६७ मध्ये पुढे आलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांनी १४३ पुरुषांची चाचणी केली. खालचा दाब ११५ ते १२९ असलेले हे लोक. निम्म्यांना खोट्या गोळ्या आणि निम्म्यांना तीन औषधांची जोड, त्यातलं एक रिसर्पीन. खोट्या गोळ्यांच्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदय निकामी होणं अशा गंभीर आपत्ती आल्या, औषधाच्या गटात दोघांना. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, हे जगात पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं, आणि ते दाखवणाऱ्या गोळीत आपल्या मुळीचा अंश होता. आपल्याकडे रिसर्पीन असलेली ‘अडेल्फेन’ अनेक घरांत वर्षानुवर्षं चालली. आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या वाचकांपैकी कित्येकांनी वडिलांच्या औषधाच्या डब्यात तिची पट्टी पाहिली असेल. मुळीतून रिसर्पीन काढणाऱ्या सिबाने १९६३ मध्ये मुंबईत गोरेगावला मोठं संशोधन केंद्रही उघडलं आणि टी. आर. गोविंदाचारी यांच्याकडे ते सोपवलं.

पण या औषधाला एक काळी बाजू होती. नाक चोंदणं, सुस्ती इथपर्यंत ठीक. काही रुग्ण खोल उदास होऊ लागले. असं का होतं याचा शोध घेताना वैद्यकशास्त्राला मोठं घबाड हाती लागलं. १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पीन दिलं. ससे थिजल्यासारखे पडून राहिले. एल-डोपा हे डोपामिनचं पूर्वरूप टोचल्यावर ते पुन्हा हलू लागले. मेंदूतल्या डोपामिनचं महत्त्व त्यातून कळलं आणि कंपवाताच्या उपचाराचा पाया पडला. कार्लसन यांना त्याबद्दल २००० मध्ये नोबेल मिळालं. रिसर्पीनचं काम करण्याची रीतही या संशोधनातून उलगडली. ते मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन रिकामं करून टाकतं. हृदयाला धावायला लावणारा निरोपच संपतो, म्हणून दाब उतरतो. मात्र मेंदूतले साठेही रिकामे होतात आणि माणूस मिटून जातो.

निरोप पाठवणाऱ्याला गप्प करण्याऐवजी निरोप घेणाऱ्याचे कान झाकता आले तर? हा विचार वकिलांचा लेख येण्याच्या आदल्याच वर्षी कागदावर आला होता. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रेमंड अहलक्विस्ट यांनी मांडलं की अ‍ॅड्रेनलिन ज्या ग्राही जागांवर जाऊन चिकटतं त्या दोन प्रकारच्या आहेत, अल्फा आणि बीटा. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या बहुतेक अल्फा, हृदय जोरात चालवणाऱ्या बीटा. एका नामांकित नियतकालिकाने लेख नाकारला, दुसऱ्याने छापला, आणि जवळजवळ दहा वर्षं कोणी लक्ष दिलं नाही.

लक्ष दिलं ते स्कॉटलंडच्या जेम्स ब्लॅक यांनी. ते डॉक्टर होते आणि ग्लासगोच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवत. हृदयशूळाच्या रुग्णाला जादा रक्त पुरवण्याची धडपड सगळे करत होते. ब्लॅक यांनी प्रश्न उलटा केला: हृदयाची रक्ताची गरजच कमी केली तर? त्यासाठी बीटा ग्राही झाकणारं द्रव्य हवं होतं. १९५८ मध्ये ते आयसीआय कंपनीत गेले आणि रसायनतज्ज्ञ जॉन स्टीफनसन यांच्यासोबत शोध सुरू केला. पहिलं औषध प्रोनेथॅलॉल. त्याने उंदरांमध्ये गाठी झाल्या म्हणून ते मागे पडलं. दुसरं प्रोप्रानोलॉल, १९६४ मध्ये जाहीर झालेलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलात ब्रायन प्रिचर्ड यांच्या ध्यानात आलं की छातीत दुखण्यासाठी हे औषध दिलेल्यांचा रक्तदाबही उतरतो आहे. सुरुवातीला पुष्कळांनी ते खरं मानलं नाही, कारण हा परिणामही हळूहळू, काही आठवड्यांत येत होता. सर्पगंधेसारखाच. ब्लॅक यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

आता डोळ्याकडे येऊ. काचबिंदूत डोळ्याच्या आतल्या पाण्याचा दाब बहुधा वाढतो आणि मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेने जाते आणि मधली शेवटपर्यंत टिकते, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. मोतीबिंदूची गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते. काचबिंदूची गेलेली परत येत नाही, उरलेली फक्त राखता येते. एकोणिसाव्या शतकात बर्लिनच्या फॉन ग्रेफे यांनी त्यावर शस्त्रक्रिया शोधली. मद्रासमध्ये रॉबर्ट हेन्री एलियट यांनी १९०९ च्या सुमारास बारीक छिद्र पाडून पाणी बाहेर काढण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. औषध म्हणाल तर १८७० च्या दशकापासून पायलोकार्पिनचे थेंब होते. ते दिवसातून चार-चार वेळा घालायचे, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होणार, डोकं दुखणार, संध्याकाळ झाली की अंधुक दिसणार. हे थेंब रुग्ण आपणहून टाकून देत, यात नवल नाही.

१९६७ मध्ये इंग्लंडमध्ये फिलिप्स आणि सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की प्रोप्रानोलॉल दिल्यावर डोळ्यातला दाबही उतरतो. डोळ्याच्या आत, बाहुलीभोवतालच्या रंगीत पडद्यामागे जी पेशींची झालर डोळ्यातलं पाणी तयार करते तिच्यावरही बीटा ग्राही असतात. ते झाकले की पाणी कमी तयार होतं. पण प्रोप्रानोलॉलचे थेंब डोळा बधिर करत. बधिर डोळ्यात कचरा गेला तरी कळत नाही, बुबुळाला जखम होते. मग १९७० मध्ये त्याच आयसीआयचं प्रॅक्टोलॉल आलं. ते डोळा बधिर करत नव्हतं, पण गोळीच्या रूपात ते घेणाऱ्यांचे डोळे कोरडे पडू लागले. लंडनच्या मूरफील्ड्स नेत्ररुग्णालयात पीटर राइट यांनी या रुग्णांची साखळी जोडली आणि औषधाचं नाव घेतलं. शेकडोंच्या त्वचेला, डोळ्यांना, काहींच्या पोटातल्या आवरणाला इजा झाली होती, काहींची दृष्टी गेली होती. १९७५ मध्ये प्रॅक्टोलॉल मागे घेतलं गेलं. डोळ्याला वाचवू पाहणाऱ्या औषधांच्या घराण्यातल्याच एकाने डोळे घालवले, हा धडा औषधांवर नंतरही नजर ठेवणाऱ्या यंत्रणांनी मनावर घेतला.

यानंतर आलं टिमोलॉल. ते डोळा बधिर करत नाही, बाहुली आक्रसत नाही, दिवसातून दोन थेंबांत भागतं. १९७६-७७ मध्ये अमेरिकेत त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९७८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. काचबिंदूच्या उपचारात शंभर वर्षांनी खरा बदल झाला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आजही आहे.

हा थेंब डोळ्यातच राहतो असं समजू नये. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक नळी नाकात उतरते. थेंब तिच्यातून नाकाच्या अस्तरात जातो आणि तिथून थेट रक्तात, यकृतात न गाळला जाता. टिमोलॉल आल्यापासून काही वर्षांतच दम्याच्या रुग्णांचा श्वास अडकल्याच्या आणि म्हाताऱ्यांची नाडी मंदावल्याच्या नोंदी येऊ लागल्या. उपाय सोपा आहे: मान मागे, खालची पापणी बोटाने ओढायची, एकच थेंब टाकायचा, डोळा हलकेच मिटायचा आणि नाकाला लागून असलेला डोळ्याचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. औषध डोळ्यात राहतं, अंगात कमी जातं. ही दोन मिनिटं अनेक रुग्णांना कोणी शिकवतच नाही.

रक्तदाब आणि डोळ्यातला दाब ही एकच गोष्ट आहे असा आपल्याकडे सरसकट समज आहे. ती एक नाही. उलट रात्री रक्तदाब फार खाली गेला तर डोळ्याच्या नसेला रक्त कमी पडतं. मूळचे पंजाबचे आणि पुढे अमेरिकेत आयोवाला काम केलेले डॉ. सोहनसिंग हयरे यांनी १९९० च्या दशकात रात्रभर दाब मोजून हे दाखवलं. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरला बीपीची गोळी आणि बीपीच्या डॉक्टरला डोळ्याचा थेंब सांगितलाच पाहिजे.

रक्तदाबाच्या उपचारात बीटा-ब्लॉकरचं स्थान मात्र पुढे बदललं. २००० नंतरच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की नुसत्या रक्तदाबासाठी अटेनोलॉलपेक्षा इतर औषधं पक्षाघात अधिक चांगला टाळतात. २००६ मध्ये ब्रिटनने बीटा-ब्लॉकरना पहिल्या फळीतून मागे घेतलं. झटका येऊन गेलेलं हृदय, निकामी होत चाललेलं हृदय यांसाठी ही औषधं अजूनही खंबीर उभी आहेत.

आता सातपुड्याकडे. रक्तदाब हा शहरी, बैठ्या माणसाचा आजार, डोंगर चढणाऱ्याला तो कुठला, हा समज आकड्यांपुढे टिकत नाही. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालच्या आदिवासी आरोग्यविषयक तज्ज्ञ समितीने २०१८ च्या अहवालात सांगितलं की दर चार प्रौढ आदिवासींपैकी एकाला उच्च रक्तदाब आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला तेव्हा सर्वाधिक मृत्यू पक्षाघाताने झालेले निघाले, सातांतला एक. रक्तदाबावर सरकारी दवाखान्यांतून नियमित औषध पोहोचवण्याचा उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे होते. काचबिंदूची स्थितीही तशीच. तामिळनाडूतल्या खेड्यांत झालेल्या सर्वेक्षणात काचबिंदू असलेल्या दहापैकी नऊंहून अधिक जणांना तो असल्याचं माहीतच नव्हतं. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासून डॉ. विनय नांगिया आणि सहकाऱ्यांनी विदर्भातल्या ग्रामीण डोळ्यांचं चित्र उभं केलं. सातपुड्याच्या पाड्यांवरही असं काम व्हायला हवं.

तोरणमाळ ज्या नंदुरबार जिल्ह्यात आहे, तिथे टिमोलॉलला आणखी एक मोल आहे. भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी सिकलसेलच्या कामाला आयुष्य दिलं आणि २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डोळ्याला काठी, दगड किंवा चेंडू लागून आत रक्त साकळलं तर दाब वाढतो. सिकलसेल असलेल्या माणसात हे अधिक धोक्याचं, कारण विळ्याच्या आकाराच्या पेशी डोळ्यातल्या पाण्याची वाट बुजवतात. अशा वेळी सर्वत्र वापरली जाणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी डोळ्यातलं पाणी आम्ल करते आणि पेशी आणखी वाकतात. इथे आधी आठवायचा तो टिमोलॉलचा थेंब. नंदुरबारमधल्या प्रत्येक दवाखान्यात, डोळ्याचा मार घेऊन आलेल्या मुलाला सिकलसेल आहे का, हा प्रश्न पहिल्या मिनिटात विचारला गेला पाहिजे.

वाचकांनी एवढं करावं. घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब वर्षातून एकदा मोजावा. चाळिशीनंतर, आणि घरात कुणाला काचबिंदू असेल तर त्याआधीच, डोळ्यातला दाब आणि मागची नस तपासून घ्यावी; चष्म्याच्या दुकानातली तपासणी पुरत नाही. दमा असेल तर थेंब लिहून देणाऱ्या डॉक्टरला आधी सांगावं. बीपीची बीटा-ब्लॉकर गोळी बरं वाटतंय म्हणून एका दिवसात बंद करू नये, हृदय उसळून झटका येऊ शकतो. कमी करायची ती डॉक्टरला विचारून, हळूहळू. आणि सर्पगंधेची पूड कुणी रामबाण म्हणून देत असेल तर घेऊ नये. त्या मुळीत रिसर्पीन आहे, ते किती आहे हे पूड पाहून कळत नाही, आणि बाजारातली मुळी रानातून ओरबाडलेली असण्याचीच शक्यता जास्त.